आबांसाठी १९५४ चं टाइमटेबल

६ जानेवारी २००७, शनिवार. स्कोकी, शिकागोचं उपनगर.
लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये खजिना सापडला. कधीच बंद पडलेल्या एका रेल्वे कंपनीचं १९५४ सालचं टाइमटेबल. शिकागो ते कॅलिफोर्निया. चौसष्ट पानं, घडीचा नकाशा आणि डायनिंग कारचा फोटो. टेबलावर पांढरं कापड, त्यावर चांदीची किटली, कोट-टायमधला एक गृहस्थ खिडकीबाहेर बघतोय. त्या गृहस्थाच्या जागी मला ताबडतोब आबा दिसले.

आबा म्हणजे माझे सासरे, भानुदास चौधरी. पस्तीस वर्षं रेल्वेत गार्ड, मुक्काम भुसावळ. ऑक्टोबरपासून आमच्याकडे आहेत. २ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोहून परत जाणार, कारण धाकटी मुलगी दीपा तिथे राहते आणि शेवटचा आठवडा तिचा. गुडघ्यांमुळे पुन्हा येणं नाही, असं त्यांनी जाहीर केलंय.

तर ठरलं. शिकागोहून तिकडे विमानाने जायचं नाही. आगगाडीने जायचं. त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीची आगगाडी अजून रोज सुटते, पण आपण जायचं ते १९५४ च्या पद्धतीने. असा प्रवास आबांना कोण घडवणार? मी.

बायकोला, म्हणजे नीलांबरीला, सांगितलं. ती म्हणाली, आधी गॅरेजमधला बल्ब बदल.

७ जानेवारी, रविवार
हे सगळं मी का करतोय, ते एकदाच लिहून ठेवतो म्हणजे पुन्हा लिहायला नको.

मे १९९०. साखरपुडा आटोपून भुसावळहून परत निघालो. गाडीवर गार्ड खुद्द आबा. मी केळी आणायला खाली उतरलो. चांगली केळी प्लॅटफॉर्मच्या पार त्या टोकाला होती, याला माझा इलाज नव्हता. आबांनी हिरवी झेंडी चार मिनिटं दाखवलीच नाही. गाडी चार मिनिटं लेट सुटली आणि आबांना वरून मेमो आला. पस्तीस वर्षांच्या नोकरीतला एकुलता एक.

वास्तविक प्लॅटफॉर्मवरचं घड्याळच पुढे होतं. मी तेव्हाही सांगितलं होतं. आबा त्या विषयावर आजतागायत एक अक्षर बोललेले नाहीत. नीलांबरी वर्षातून दोनदा बोलते.

या प्रवासाने तो मेमो पुसायचा आहे. आपली मुलगी वक्तशीर माणसाच्या घरात पडली, एवढं आबांना इथून जाण्यापूर्वी कळलं पाहिजे. बस.

बल्ब राहिला.

१४ जानेवारी, रविवार
प्लॅन व्हर्जन १ तयार. एक्सेलमध्ये सात शीट. तिळगूळ देता देता घरच्यांना नियम वाचून दाखवले. प्रवासात पुरुषांनी कोट-टाय. जेवण फक्त डायनिंग कारमध्ये, घरचा डबा आणणाऱ्याला शिक्षा. सेल फोन घरी, कारण १९५४ मध्ये तो नव्हता.

आमची मुलगी इशिता (वय १४) म्हणाली, देन इट्स १९५४ फॉर यू ओन्ली. नीलांबरी म्हणाली, माझा फोन माझ्या पर्समध्ये राहील. आबांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, रिझर्वेशन झालं का?

त्यांना समजावलं की रिझर्वेशन ही शेवटची पायरी. आधी प्लॅन. आबा म्हणाले, बरं. मग थोड्या वेळाने म्हणाले, बरोबर दशम्या घ्याव्यात, तीन दिवस टिकतात. मी हसलो. चांदीच्या किटलीशेजारी दशम्या!

२७ जानेवारी, शनिवार
रंगीत तालीम घेतली. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली. मी आणि आबा कोट-टायमध्ये. काट्या-चमच्याने पोळी-भाजी. पोळी सुरीने कापताना वाटी उलटली, पण चालत्या गाडीत ती उलटणारच होती, त्यामुळे तालीम वास्तववादी झाली.

माझा टाय आबांनी बांधून दिला. मला येतो, पण गाठ एका बाजूला जाते. आबांना तीस-पस्तीस वर्षांची सवय आहे. बांधता बांधता त्यांनी विचारलं, रिझर्वेशन?

व्हर्जन ३ वर काम चालू आहे.

५ फेब्रुवारी, सोमवार
आज नीलांबरीने लंच अवरमध्ये ऑफिसातून फोन करून तिकिटं काढली. चौघांची. २४ मार्च, शनिवार, दुपारी २.००. म्हणाली, दहा मिनिटं लागली.

हे काम मी तिच्याकडे सोपवणारच होतो. चांगल्या प्लॅनिंगची खूण हीच की माणसं न सांगता कामाला लागतात. व्हर्जन ४ मध्ये 'रिझर्वेशन'समोर टिक केली. मनाला फार बरं वाटलं.

संध्याकाळी तिने छापून आणलेलं तिकीट आबांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. नंतर झोपेपर्यंत ते अधूनमधून खिसा चाचपत होते.

१८ फेब्रुवारी, रविवार
इंटरनेटवरून मागवलेलं घड्याळ आलं. रेल्वेवाल्यांचं जुनं, खिशातलं, साखळीचं. आबांनी कानाला लावलं, मागचं झाकण उघडून आत बघितलं. म्हणाले, मशीन चांगलं आहे, पण आठवड्याला अर्धं मिनिट मागे पडेल, रोज जुळवायला लागेल. गार्ड आणि ड्रायव्हर ड्यूटीवर चढण्याआधी स्टेशनच्या घड्याळाशी आपापलं घड्याळ जुळवतात. मग एकमेकांशी जुळवतात. त्यानंतरच गाडी.

मला हे माहीत होतं. तरी ऐकून घेतलं. म्हाताऱ्या माणसांना तेवढंच बरं वाटतं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे टाइमटेबलच्या तिसऱ्या पानावर तळाशी, अगदी बारीक अक्षरात एक रत्न सापडलं. 'सर्व वेळा स्टँडर्ड टाइमप्रमाणे आहेत. ज्या शहरांत उन्हाळ्यात डेलाइट सेव्हिंग टाइम चालू असेल तेथे शहरातील घड्याळे एक तास पुढे असतील, याची प्रवाशांनी नोंद घ्यावी.' म्हणजे बघा! सरकार उन्हाळा आला की घड्याळाचा काटा तासभर पुढे ढकलतं. अख्खं शहर मुकाट्याने ऐकतं. रेल्वे ऐकत नाही! तिचा काटा बारा महिने जागच्या जागी. गाडी दोनला लिहिली असेल तर ती खऱ्या दोनला सुटणार, मग शहरातल्या घड्याळांत तीन वाजलेले का असेनात.

याला म्हणतात बाणा. माझं खिशातलं घड्याळ आता कायम रेल्वे टाइमवर राहणार.

२ मार्च, शुक्रवार
ऑफिसात धुमाकूळ. यंदापासून डेलाइट सेव्हिंग तीन आठवडे आधी, म्हणजे ११ मार्चलाच सुरू होतंय. सगळे सर्व्हर जुन्या तारखेवर बसलेत, सगळ्यांना पॅच मारायचा. चारशे बारा सर्व्हर. प्रोजेक्ट लीड कोण? मी. अख्ख्या कंपनीत घड्याळाच्या बाबतीत विश्वासाचा माणूस एकच, हे साहेबालाही कळलंय.

लंचला राजेशला रेल्वे टाइमची गंमत सांगितली. राजेश नागपूरचा, शेजारच्या क्यूबमध्ये बसतो. तो म्हणाला, अबे पण ते पन्नास वर्षं जुनं आहे यार, आताचं फोन करून विचार ना. मी म्हटलं, बाणा बदलत नसतो. तो डब्यातली वांग्याची भाजी खात राहिला. नागपूरच्या लोकांना बारकावे नकोसे वाटतात.

११ मार्च, रविवार
चारशे बाराच्या चारशे बारा सर्व्हर बिनचूक एक तास पुढे गेले. घरचा मायक्रोवेव्ह आणि हॉलमधलं घड्याळ नीलांबरीने पुढे केलं. कारमधलं मी कधीच बदलत नाही. नोव्हेंबरात ते आपोआप बरोबर येतं.

खिशातल्या घड्याळाला हात लावला नाही.

१२ मार्च, सोमवार
ऑफिसात माझ्यासाठी केक. कॉफीचा मग दिला, त्यावर घड्याळाचं चित्र. साहेब म्हणाले, मोरेश्वर, यू ओन टाइम. घरी येऊन तो आबांना दाखवला. आबांनी विचारलं, यातून चहा पिता येतो ना?

१८ मार्च, रविवार
व्हर्जन ९. अंतिम. (व्हर्जन ८ मध्ये चौघांना चार हॅट होत्या. नीलांबरीने हॅटचा पूर्ण कॉलम डिलीट केला.)

प्रस्थानाच्या वेळेवर चर्चा झाली. नीलांबरी म्हणाली, गाडी दोनची आहे हं. मी म्हटलं, अर्थात दोनची. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा वेळेवरून आमचं एकमत झालं. तिला रेल्वे टाइम समजावायला सुरुवात केली, तर ती उठून वॉशिंग मशिनकडे गेली.

आबांना मात्र सविस्तर सांगितलं, तिसऱ्या पानासकट. त्यांनी बारीक अक्षरं वाचली. म्हणाले, तेव्हाचं बरोबर असेल. आता तसंच आहे का, विचारलं का कुणाला? मी म्हटलं, आबा, तुम्ही निश्चिंत राहा. मग त्यांनी विचारलं, घड्याळ जुळवलं का आज? मी म्हटलं, ते जुळलेलंच आहे.

वयोमानाने तेच तेच विचारतात. मी चिडत नाही.

२२ मार्च, गुरुवार
आबांची बॅग भरून झाली. बॅगेच्या कोपऱ्यात काहीतरी रुमालात गुंडाळलेलं दिसलं. विचारलं, तर त्यांनी उघडून दाखवलं. शिट्टी. ड्यूटीवरची, पितळेची. भुसावळहून इथवर आणली होती आणि पाच महिन्यांत कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणाले, वाजवायची नाही हो, नुसती असू द्यावी बरोबर. गाडीत बसायचं म्हणताय म्हणून.

 पाच महिने हा माणूस गाडीत बसायची वाट बघतोय आणि मी त्यांना काट्याने पोळी खायला लावत होतो.

ताबडतोब नियम दोन रद्द. डेव्हन या देशी बाजाराच्या रस्त्याजवळ सरला काकू ऑर्डरवर घरगुती खाणं करून देतात, त्यांना कुणाला कळू न देता फोन केला. चोवीस दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, लसूण जास्त. काकू म्हणाल्या, शनिवारी बारापर्यंत होतील.

घरचे टॅक्सीने सामान घेऊन सरळ स्टेशनवर जातील. मी बसने डेव्हन, तिथून दशम्या घेऊन स्टेशन. गाडी हलली की डबा उघडायचा आणि आबांचा चेहरा बघायचा. हे एक्सेलमध्ये लिहिलेलं नाही. मनातच ठेवलंय.

२४ मार्च, शनिवार. सकाळी १०.१५ (रेल्वे टाइम)
कोट, टाय, साखळी. टायची गाठ आबांकडून. नियमाप्रमाणे सेल फोन टेबलावर ठेवला. निघताना आबांनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, एक छोटंसं काम आहे, तुम्ही पुढे व्हा. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. बहुधा केळी आठवली असावीत. आज त्यांना कळेल.

नीलांबरीने टॅक्सी इतक्या लवकर बोलावलीय की तीन तास आधी पोचतील. रेल्वेवाल्याची मुलगी.

११.५० (रेल्वे टाइम)
काकूंकडे. दशम्या तयार, डबा गरम. काकू घाईघाईने पिशवी हातात देत म्हणाल्या, अहो एक वाजत आला, दोनची गाडी ना तुमची? त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ अर्थातच शहरातलं. मी बसून त्यांना स्टँडर्ड टाइम समजावून सांगितला. वीस मिनिटं लागली. त्या दोनदा म्हणाल्या, तुम्ही निघा. मला वाटतं त्यांना पटलं.

दु. १.४० (रेल्वे टाइम)
स्टेशन. भव्य हॉल, उंच छत, लांबलचक लाकडी बाकं. १९५४ च आहे सगळं. बाकावर बसून लिहितोय. वीस मिनिटं हातात आहेत. आयुष्यात पहिल्यांदा आबा यायच्या आधी मी स्टेशनवर!

आपल्यापैकी कुणीच दिसत नाही. टॅक्सीवाल्याने फिरवलं असणार.

समोरचं घड्याळ तासभर पुढे. बिचारे प्रवासी त्याच्याकडे बघून धावताहेत.

१.४८
अजून पत्ता नाही. तीन तास आधी पोचणारे हे लोक! फोन असता तर बरं झालं असतं, पण नियम म्हणजे नियम. आबांचे गुडघे, त्यात सामान. नीलांबरीने टॅक्सी इशिताच्या आवरण्यासाठी थांबवून ठेवली असेल.

१.५२
वेळ आलीच तर गार्डला गाडी थांबवण्याची विनंती करीन. वाक्य तयार केलंय. 'सर, माझे सासरे निवृत्त गार्ड आहेत, ते येताहेत, प्लीज चार मिनिटं थांबवा.' कुणीही गार्ड हे ऐकेल. चार मिनिटांनी काय होतं?

मनात आलं, आबांना पुढे कधी हे सांगावं. आज तुमच्यासाठी मी गाडी थांबवली, आपली फिटंफाट. मग वाटलं, सांगू नये. त्यांना वाईट वाटेल.

१.५५
बोर्डावर आपली गाडी नाही. चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ती गाडी गेली. मी म्हटलं, शक्य नाही, दोनची आहे. त्या म्हणाल्या, हो, दोनलाच गेली. मी खिशातलं घड्याळ काढून दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन बघितलं, छान आहे म्हणाल्या आणि वरच्या मोठ्या घड्याळाकडे बोट केलं.

मी त्यांना टाइमटेबलचं तिसरं पान दाखवलं. त्यांनी पहिलं पान उलटून साल वाचलं. मग, सर, यू वाँट टु सिट डाउन? असं विचारलं. मी बसलो.

सायंकाळी ७.१०. सगळ्यांचाच टाइम.
घरी. टेबलावरच्या फोनमध्ये नऊ व्हॉइस मेसेज. पहिला नीलांबरीचा, कुठे आहेस, आम्ही पोचलो. दुसरा, आबा विचारताहेत. तिसऱ्यापासून आवाज चढलेला. सातव्यात ती नुसती, अरे मोरेश्वर, असं म्हणाली आणि रडू आवरत होती. आठवा रिकामा, मागे स्टेशनचा गलका. नववा इशिताचा. डॅड, वी आर मूव्हिंग.

तो नववा तीनदा ऐकला.

साडेसहाला घरचा फोन वाजला. नीलांबरी. मी कुठे होतो ते सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, चारशे बारा सर्व्हर ना रे? मी हो म्हटलं. ती म्हणाली, उद्याचं विमान घे, दीपाला सांगितलंय, आणि फोन आबांकडे दिला.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, गाडी सुंदर आहे. खिडकीची जागा मिळाली. इथला कंडक्टर भला माणूस. मी गार्ड होतो हे इशिताने सांगितलं, तर त्याने हात मिळवला आणि आपलं घड्याळ पुढे केलं. दोघांनी घड्याळं जुळवली. सेकंदाचा फरक नव्हता. गाडी सुटताना मला दाराजवळ उभं राहू दिलं.

मी जे द्यायला निघालो होतो ते सगळं त्यांना मिळालं. माझ्याशिवाय.

मग ते म्हणाले, त्याला मी विनंती केली होती. जावई येताहेत, चार मिनिटं थांबवता का? त्याने मान हलवली. त्याचं बरोबर होतं.

 मी सांगितलं, मी दोन चाळीसला पोचलो. मग विचारलं, आबा, झेंडी तुमच्या हातात असती तर?

पलीकडे गाडीचा आवाज येत होता. आबा म्हणाले, चार मिनिटं थांबवली असती, जावईबापू. चाळीस नाही.

आणि मग त्यांनी विचारलं, जेवलात का? मी सांगितलं, दशमी खातोय.   मग म्हणाले, दशम्यांसाठी थांबला होता? मी म्हटलं, हो. चोवीस. म्हणाले, लसूण घातलाय का चटणीत? मी म्हटलं, जास्त. म्हणाले, आम्ही सोमवारी पोचतो. या घेऊन.

फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये गेलो. कारमधलं घड्याळ एक तास पुढे केलं. अंधारात बटण सापडेना, म्हणून आधी बल्ब बदलला. मग हॉलमधलं घड्याळ बघून खिशातलं जुळवलं. तासभर अधिक दोन मिनिटं मागे होतं.

आणखी एक. भुसावळच्या प्लॅटफॉर्मवरचं घड्याळ बरोबर होतं. १९९० सालचं. लिहून ठेवतो.

दोन दशम्या खाल्ल्या. बावीस उरल्या. सोमवारपर्यंत टिकतात म्हणे. आबा म्हणाले होते.